क्रोम काढून परत टाकलं तरी तेच सर्चचं पान का येतं?

चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. घरी विंडोज १० चा डेस्कटॉप. मुलगी त्यावर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरते, यजमान सातबारा आणि केळीच्या पीकविम्याची कामं करतात. काही दिवसांपासून क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं. काहीही शोधलं की वरचा पत्ता दोन-तीनदा झरझर बदलतो आणि शेवटी याहूवर जाऊन थांबतो. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ अशा पाट्या येत राहतात. एक अनोळखी एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, दिसलं ते काढलं, पण रीस्टार्ट केल्यावर परत हजर. भाच्याने क्रोम काढून नव्याने टाकलं, थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. ताई विचारतात, मारू का?

ताई, लगेच नको. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या खुणा ब्राउझर ताब्यात घेणाऱ्या स्पायवेअरच्या (गुपचूप पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) आहेत, ज्याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. तो बहुतेक वेळा फॉरमॅट न करता निघतो. कधी फॉरमॅट करावाच लागतो तेही पुढे सांगतो. पण एक गोष्ट आजपासून बंद करा: सफाई होईपर्यंत त्या संगणकावर बँक, युपीआय, महाडीबीटी, आधार यातलं काहीही उघडायचं नाही, कुठला ओटीपी टाकायचा नाही. अशा एक्स्टेंशनने बसताना जी परवानगी घेतलेली असते तिचं नावच ‘रीड अँड चेंज ऑल युअर डेटा ऑन ऑल वेबसाइट्स’ असं असतं. म्हणजे तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान ते वाचू शकतं, त्यात भरलेलं पाहू शकतं आणि पानावर दिसणारा मजकूर बदलूही शकतं. फॉर्मची शेवटची तारीख जवळ असेल तर मुलीला दुसऱ्या संगणकावर किंवा सेवा केंद्रात पाठवा.

याहूवर जाऊन थांबण्याचं कारण समजून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. ते याहू खरंच असतं. सर्च कंपन्या आपल्याकडे लोक पाठवणाऱ्याला पैसे देतात. हायजॅकरवाला तुमचा शोध आधी स्वतःच्या पत्त्यावरून फिरवतो, तिथे त्याची नोंद होते, आणि मग तुम्हाला याहू किंवा बिंगवर सोडतो. तुमच्या प्रत्येक शोधामागे त्याला थोडे पैसे मिळतात. एका घरातून फार नाही मिळत, पण धंदा लाखो संगणकांवर चालतो. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा असाच हायजॅकर उघड केला. त्यांच्या अंदाजाने जगभरात २५ कोटी संगणकांना त्याची लागण होती आणि त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा होता. मायक्रोसॉफ्टने तो आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं. आकडा काहीही असो, तो शिरत कसा होता हे महत्त्वाचं: फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबताना.

आपल्या खान्देशात मी जे बघतो त्यात शिरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. फॉर्मसाठी फोटो अमुक केबीच्या आत हवा असतो, म्हणून कोणीतरी ‘फोटो साइज कमी करणारं’ सॉफ्टवेअर उतरवतं. तीन दाखले एका पीडीएफमध्ये जोडायचे असतात, म्हणून पीडीएफ जोडणारं एक्स्टेंशन टाकलं जातं. मराठी टायपिंगसाठी फुकटचे फॉन्ट शोधले जातात, आणि त्या पानांवर डाउनलोडची चार हिरवी बटणं असतात, त्यातली तीन जाहिरातींची. लग्नसराईत पत्रिका करण्यासाठी क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकटात वापरलेलं, कोरलड्रॉ आणि पोरांसाठी क्रॅक केलेले गेम. या शेवटच्या दोघांचा धोका सगळ्यांत मोठा, कारण त्यांच्याबरोबर पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही येतात. २०२२ मध्ये पसरलेला ‘क्रोमलोडर’ हा हायजॅकर क्रॅक केलेल्या गेम आणि सिनेमांच्या नावाने, आयएसओ फाइलमधून (जिच्यात अख्खी सीडी भरलेली असते) घरात येत होता. त्याची एक चाल आजही ओळखीची खूण म्हणून उपयोगी आहे: तुम्ही एक्स्टेंशनचं पान उघडायला गेलात की तो तुम्हाला परस्पर सेटिंग्जच्या पानावर ढकलायचा, म्हणजे त्याला काढायला जागाच नको.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. तुम्ही दोनदा काढलं तरी तो परत आला, कारण तुम्ही दोन्ही वेळा फक्त ब्राउझर साफ केला. शेतात लव्हाळा वरून खुरपला तर पुढच्या पाण्याला पुन्हा उगवतो, कारण जमिनीतली गाठ तशीच असते. इथे ती गाठ विंडोजमध्ये असते, क्रोममध्ये नसते. कोणीतरी तिथे बसून ते एक्स्टेंशन पुन्हा पुन्हा आत घालतंय. क्रोम काढल्यावर तुमचं प्रोफाइल, म्हणजे एक्स्टेंशन, सेटिंग्ज, परवानग्या, सहसा जागेवरच राहतं. आणि मुलगी तिच्या गूगल खात्याने क्रोममध्ये साइन इन असेल तर सिंक (खात्यातलं सगळं प्रत्येक संगणकावर उतरवण्याची सोय) चालू असताना तेच एक्स्टेंशन खात्यातून परत उतरतं. म्हणून काम उलट्या क्रमाने करायचं: आधी परत आणणारा शोधायचा, ब्राउझर सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला दुखणं कुठे आहे ते तपासा, यात फार वेळ जात नाही. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या चित्रावर जाऊन ‘गेस्ट’ खिडकी उघडा आणि काहीतरी शोधा. तिथे सगळं नीट चाललं तर दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये आणि त्यात घातलेल्या एक्स्टेंशनमध्ये आहे. गेस्टमध्येही आणि एज ब्राउझरमध्येही तसंच पळत असेल तर दोष विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये शोधावा लागेल. आणि घरच्या वायफायवर मोबाइललाही तसल्याच जाहिराती येत असतील, पण मोबाइल डेटावर येत नसतील, तर संशय राउटरवर घ्यायचा. बहुतेक घरांत पहिला प्रकार निघतो.

कामाला बसण्याआधी कागदपत्रं, फोटो, मुलीच्या निकालाच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. फक्त कागद आणि फोटो. डाउनलोड फोल्डरमधल्या इन्स्टॉल करायच्या फाइली आणि झिप घेऊ नका, नाहीतर दुखणंच बरोबर न्याल. बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि वीज कधी जाते ते बघून बसा. स्कॅन अर्धवट राहिला तर वेळ वाया जातो, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, हात घातलेला असताना बत्ती गुल झाली तर वेगळंच काम लागतं. इन्व्हर्टर किंवा युपीएस असेल तर उत्तम.

सोपं काम आधी. कोपऱ्यातल्या त्या ‘व्हायरस सापडला’च्या पाट्या बहुतेक वेळा व्हायरस नसतातच. कुठल्यातरी पानाने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ असं सांगितलं आणि घरातल्या कोणीतरी दाबलं. त्या दाबण्याने त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. ‘अलाउड’ खाली जी अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका. पाट्या तिथल्या तिथे थांबतात. पाटीवर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि फोन नंबर असला तरी फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर नसतो. पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारं पान आलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि क्रोम तिथून बंद करा. पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर’ म्हणू नका.

मग प्रोग्रामची यादी. सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडा आणि यादी इन्स्टॉलच्या तारखेने लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय आलंय ते दिसेल, आणि बऱ्याचदा एकाच दिवशी तीन-चार प्रोग्राम आलेले दिसतात, ज्यातला एकच तुम्ही मागवलेला असतो. ते काढा. काढताना तो ‘खरंच जाताय? ही सवलत घ्या’ असं विचारेल, बटणं उलटसुलट ठेवेल. प्रत्येक ओळ वाचून दाबा.

आता गाठ. स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ टाइप करून उघडा आणि डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक करा. ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची ही यादी आहे. गूगल अपडेट, एज अपडेट, वनड्राइव्ह, ॲडोबी ही नावं बरी असतात. संशयाचं नावही बरंच वाटतं, कारण त्यात मुद्दाम ‘क्रोम’ किंवा ‘अपडेट’ घातलेलं असतं. म्हणून नावावर जाऊ नका, त्यावर एकदा क्लिक करून खालच्या भागात ‘ॲक्शन्स’ टॅब बघा. खऱ्या गूगल अपडेटच्या कामात सहसा प्रोग्राम फाइल्समधल्या गूगलच्या फोल्डरचा पत्ता असतो. हायजॅकरच्या कामात ‘पॉवरशेल’ (विंडोजचं आज्ञा चालवणारं साधन) लिहिलेलं असतं, पुढे ‘विंडोस्टाइल हिडन’, म्हणजे खिडकी न दाखवता चाल, आणि त्यापुढे एकमेकांना चिकटलेल्या इंग्रजी अक्षरांची, आकड्यांची न संपणारी ओळ. त्या अक्षरांना वाचून काही अर्थ लागत नाही, कारण खरी आज्ञा त्यात गुंडाळलेली असते. कधी पॉवरशेलऐवजी तुमच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या कुठल्यातरी विचित्र नावाच्या फाइलचा पत्ता असतो. शेजारच्या ‘ट्रिगर्स’ टॅबवर दिसेल की हे काम लॉग इन झाल्यावर आणि मग दर काही मिनिटांनी चालतं. तुम्ही एक्स्टेंशन काढता आणि ते परत येतं, ते याच्यामुळे. उजवीकडच्या ‘क्रिएटेड’ रकान्यातली तारीख तुमच्या त्रासाच्या तारखेशी जुळली की शंका राहत नाही.

त्या कामाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा, ॲक्शन्समधला फाइलचा पत्ताही नीट टिपून घ्या, मग उजवं क्लिक करून आधी ‘डिसेबल’ आणि नंतर ‘डिलीट’ करा. पत्त्यातलं फोल्डरही काढा. फाइल वापरात आहे म्हणून निघत नसेल तर रीस्टार्ट करून काढा. टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’ टॅबही असाच चाळा.

एवढं बघायला डोळा बसला नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘ऑटोरन्स’ हे फुकटचं साधन वापरा. विंडोज सुरू होताना आणि नंतर आपोआप चालणारं जवळजवळ सगळं ते एका जागी दाखवतं. त्याच्या ऑप्शन्समध्ये ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ लावलं की यादी खूप आटोपशीर होते. मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक अशा मशीनवर हेच पहिलं उघडतो. मात्र त्यातलं काही डिलीट करू नका, नुसती टिकची खूण काढा. चूक झाली तर खूण परत लावता येते.

दुसरी गाठ असते पॉलिसीची. कंपन्या आणि कॉलेजं आपल्या संगणकांवर क्रोमचे नियम लावू शकतात: अमुक एक्स्टेंशन राहीलच, अमुक पान पहिलं उघडेलच. ही सोय गूगलने संस्थांसाठी दिली, आणि हायजॅकर तीच घरच्या मशीनवर लावतात. मग काढायचं बटणच करडं होतं. तुमच्या क्रोमच्या तीन टिंबांच्या मेन्यूत सगळ्यात खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं लिहिलंय का बघा. घरच्या संगणकाला कसली आलीये संस्था? (काही अँटिव्हायरसही स्वतःचा नियम लावतात, आणि शाळेने दिलेला लॅपटॉप असेल तर नियम असणारच. तो तुमच्या शाळेच्या माणसाला विचारल्याशिवाय छेडू नका.) ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, मग अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप केलं की लावलेल्या नियमांची यादी येते. त्यात ‘एक्स्टेंशनइन्स्टॉलफोर्सलिस्ट’ दिसलं आणि पुढे बत्तीस अक्षरांचं गिचमिड नाव असलं, तर ते जबरदस्तीने बसवलेलं एक्स्टेंशन आहे.

ते नियम रजिस्ट्रीत असतात. विंडोजचं बटण आणि आर दाबून रेजेडिट लिहा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं उतरत जा. तसंच एचकी करंट युजरमध्येही बघा, कारण अर्धे लोक एकच बघतात आणि दुसरा राहून जातो. ‘क्रोम’ या फोल्डरवर उजवं क्लिक करून आधी ‘एक्स्पोर्ट’ करून प्रत ठेवा, मग तेवढंच फोल्डर डिलीट करा. आजूबाजूचं काही नाही. एज वापरत असाल तर पॉलिसीजमध्येच मायक्रोसॉफ्ट, एज असं फोल्डर असतं, तेही तपासा. पॉलिसीच्या पानावर येऊन ‘रीलोड’ दाबलं की यादी रिकामी दिसायला हवी. थोड्या वेळाने पुन्हा भरली तर समजा, टास्क शेड्युलरमधलं काहीतरी अजून जिवंत आहे. मागे जा आणि ते शोधा.

याच बैठकीत एक जागा बघाच, जी फार कमी लोक बघतात. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि सगळ्यात खाली ‘एक्सक्लूजन्स’. डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, कुठे बघायचं नाही, याची ती यादी. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या सूचनांत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, हे फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका’ असं असतं, आणि पोरं ते इमानेइतबारे करतात. काही वेळा पूर्ण सी ड्राइव्हच तिथे टाकलेला सापडतो. मग ‘डिफेंडर चालू आहे, काहीच सापडत नाही’ असं लोक सांगतात ते खरंच असतं, त्याला बघायची परवानगीच नसते. तिथलं जे तुम्ही स्वतः टाकलेलं नाही ते सगळं काढा.

आता स्कॅन. डिफेंडरमध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपणाऱ्यांना लपता येत नाही. तो झाला की मालवेअरबाइट्सचं ‘ॲडक्लीनर’ चालवा. ते खास अशा जाहिराती आणि टूलबारवाल्यांसाठीच बनलेलं, फुकट आणि इन्स्टॉल न करता चालणारं आहे. ही साधनं मात्र त्याच आजारी ब्राउझरमध्ये शोधून उतरवू नका. तिथे ‘व्हायरस रिमूव्हल फ्री’ शोधलं की वर जे येतं त्यात बनावट क्लीनरच जास्त असतात, जे स्कॅन फुकट करतात आणि सफाईचे पैसे मागतात. दुसऱ्या चांगल्या मशीनवर कंपनीच्या मूळ साइटवरून घ्या आणि पेनड्राइव्हने आणा. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेलं. तिथेही फुकटची सफाईची साधनं मिळतात. जुन्या लेखांत ‘क्रोमचं स्वतःचं क्लीनअप टूल वापरा’ असा सल्ला दिसेल. ते शोधत बसू नका, गूगलने २०२३ मध्येच ते काढून टाकलं. आणि दोन अँटिव्हायरस एकाच वेळी कायमचे बसवू नका. दोघं एकमेकांत अडकतात आणि मशीन बसतं.

मशीन बसण्यावरून आठवलं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा ‘भाऊ, काम्प्युटरले काय व्हयनं?’ म्हणत जी मशिनं येतात, त्यातली बरीच फक्त तापलेली आणि धुळीने भरलेली असतात. पंख्याचा आवाज आणि संथपणा एवढ्यावरून स्पायवेअर ठरवू नका. तुमच्याकडे बाकीच्या खुणा आहेत म्हणून मी खात्रीने बोलतोय.

इथवर आल्यावर ब्राउझर. आधी सिंक बंद करा, आणि गूगल खात्यात साठलेला क्रोमचा डेटा त्याच्या पानावरून डिलीट करा. मशीनवरचे बुकमार्क त्याने जात नाहीत. सेवा केंद्रातल्या किंवा दुसऱ्या कुठल्या संगणकावर तेच खातं क्रोमला लावलेलं असेल तर तिथेही बघा, नाहीतर तिथून परत येईल. मग एक्स्टेंशनच्या पानावर जाऊन जे ओळखीचं नाही ते काढा. ओळखीचं पण न वापरलेलंही काढा, कारण जुनी चांगली एक्स्टेंशनं विकली जातात आणि नवा मालक त्यात जाहिराती घालतो. शेवटी ‘रीसेट सेटिंग्ज’. सर्च इंजिनाच्या यादीतून ते अनोळखी नाव पुसा.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘टार्गेट’ वाचा. ते क्रोम डॉट ईएक्सई आणि बंद होणाऱ्या अवतरण चिन्हावर संपायला हवं. त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता किंवा ‘लोड-एक्स्टेंशन’ असं काही चिकटवलेलं असेल, तर सगळी सफाई करूनही त्या चिन्हावरून उघडलं की तेच पान येऊ शकतं. ‘प्रोफाइल-डिरेक्टरी’ लिहिलेलं चालतं, ते क्रोमचंच. टास्कबारवरचं चिन्ह अनपिन करून नव्याने लावा. फायरफॉक्स असेल तर ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हा एक पर्याय बहुतेक काम करून टाकतो.

गेस्टमध्येही पळापळ दिसली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली ‘प्रॉक्सी’ (इंटरनेटची वाट मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून नेणारं सेटिंग) उघडा, तिथे मॅन्युअल प्रॉक्सी किंवा सेटअप स्क्रिप्ट चालू असेल आणि तुम्ही लावलेली नसेल तर बंद करा. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, आपोआप घेण्यावर आहे ना ते बघा. विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स, ईटीसी फोल्डरात ‘होस्ट्स’ फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडल्यावर हॅशच्या चिन्हाने सुरू न होणाऱ्या ओळींत बँकेचं किंवा गूगलचं नाव दिसलं तर ती ओळ नको. राउटरवर संशय असेल तर केबलवाल्याने लावून दिलेला ‘ॲडमिन, ॲडमिन’ पासवर्ड अजून तसाच आहे का ते पाहा, राउटर फॅक्टरी रीसेट करून पासवर्ड बदलून घ्या. डीएनएस बदलण्याचा प्रकार किती मोठा होऊ शकतो ते ‘डीएनएसचेंजर’ने दाखवलं होतं. ती टोळी २०११ मध्ये पकडली गेली तेव्हा शंभराहून जास्त देशांत चाळीस लाखांवर संगणक तिच्या ताब्यात होते. एकदम सर्व्हर बंद केले असते तर एवढ्या लोकांचं इंटरनेट गेलं असतं, म्हणून अमेरिकेत न्यायालयाच्या परवानगीने ते ९ जुलै २०१२ पर्यंत पर्यायी सर्व्हरवर चालू ठेवावे लागले.

सफाई झाल्यावर पासवर्ड बदला, आणि ते स्वच्छ मोबाइलवरून. आधी गूगल खातं, मग बँक, मग बाकीचं. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर ‘युअर डिव्हायसेस’मधून ते मशीन आणि सगळी अनोळखी उपकरणं साइन आउट करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही असं मी सांगतो कारण चोरणारे प्रोग्राम ब्राउझरमधली कुकी, म्हणजे तुम्ही लॉग इन आहात याची साइटने ठेवलेली खूण, उचलतात, आणि चालू असलेल्या लॉगिनची कुकी हाती असली की पासवर्ड विचारलाच जात नाही. सर्चमधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ला या काळात कोणी फोन केला असेल, किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर दुसरं सगळं सोडून १९३० ला फोन लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता खूप जास्त असते. लाज वाटून घरात लपवू नका.

आता फॉरमॅट कधी? डिफेंडर चालूच होत नसेल किंवा पुन्हा पुन्हा बंद पडत असेल. काढलेलं काम टास्क शेड्युलरमध्ये नव्या नावाने परत येत असेल. किंवा स्कॅनमध्ये ‘स्टीलर’, ‘ट्रोजन’, ‘बॅकडोअर’ असे शब्द असलेली नावं निघाली असतील, तर होय, नव्याने विंडोज टाका. त्यातही दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरचं विंडोज नको, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवलेली पेनड्राइव्ह वापरायला सांगा. क्रॅक केलेलं विंडोज आणि वर फुकटात घालून दिलेली पंधरा सॉफ्टवेअरं घेऊन घरी आलात, तर डिफेंडरच्या एक्सक्लूजनपासून सगळी गोष्ट पुन्हा सुरू. तुमचं मशीन मूळ विंडोजसकट घेतलेलं असेल तर लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं, पुन्हा टाकल्यावर नेटला जोडलं की आपोआप ओळखलं जातं, पैसे द्यावे लागत नाहीत. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून नव्याने टाकायची वेळ आलीच तर मशीन विंडोज ११ पेलतं का ते त्याच वेळी तपासून घ्या.

पुढे हे घरात येऊ नये म्हणून मुलीसाठी वेगळं ‘स्टँडर्ड’ खातं करा आणि ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअर इन्स्टॉल व्हायला लागलं की पासवर्ड मागितला जाईल, आणि तुम्हाला कळेल. तिला आडकाठी वाटू नये म्हणून ज्या कामांसाठी ती सॉफ्टवेअर शोधत होती त्यांची सोय करून द्या. फोटोचे केबी कमी करायला विंडोजमधलं पेंटच पुरतं: ‘रीसाइझ’मध्ये टक्के कमी करा आणि जेपीईजीमध्ये सेव्ह करा. मराठी टायपिंग विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इन्स्क्रिप्ट मिळतं, आणि २०१९ पासून ‘मराठी फोनेटिक’ही आहे, ज्यात इंग्रजी अक्षरं दाबत मराठी लिहिता येतं. पत्रिकेसाठी चांगले देवनागरी फॉन्ट हवे असतील तर मुक्ता, बालू असे कितीतरी गूगल फॉन्ट्सवर कायदेशीर फुकट आहेत. डाउनलोडचं बटण तिथे एकच असतं.

आठवडाभराने टास्क शेड्युलर आणि पॉलिसीचं पान पुन्हा एकदा उघडा. नवीन अनोळखी नोंद दिसलीच तर काढण्याआधी तिची ‘क्रिएटेड’ तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आणि त्या वेळी त्या संगणकावर कोण बसलं होतं, काय उतरवलं होतं ते घरात विचारा. न रागावता विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळेल.